छत ऐकणारे किसननाना

आमच्या घराण्यात जमीन नव्हती, पण विहिरी पुष्कळ होत्या. सगळ्या दुसऱ्याच्या. आजोबा, माझे वडील आणि वडिलांचे धाकटे भाऊ किसन, म्हणजे आमचे नाना, हे तिघं नांदूरघाटाच्या आसपासच्या गावांत विहिरी खणत. दोराला धरून खाली उतरायचं, सुरुंग भरायचा, वात पेटवून वर यायचं, धूर बसला की पुन्हा उतरून दगड भरायचे. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर आमची आजी घागर घेऊन, कुणी नाही म्हणतंय का ते बघत उभी राहायची.

दुष्काळ पडला तेव्हा नवी विहीर खणायची ऐपत कुणातच राहिली नाही. पाणी तर नव्हतंच, आता कामही गेलं. आजी ज्वारीच्या कण्या शिजवायची आणि स्वतःसाठी भांडं खरवडायची. वडिलांचं लग्न झालेलं होतं, नाना तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. त्याच उन्हाळ्यात चांद्याकडच्या कोळसा खाणीतला एक मुकादम माणसं शोधत आला. त्याला मजूर नको होते, जमिनीखाली उतरायला न घाबरणारे हवे होते. खाली जायची भीती वाटते का, असं त्यानं विचारलं. नाना म्हणाले, "खाली न्हाई वाटत. वर ऱ्हायची वाटती."

ते गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिकडंच राहिले. आधी कोळसा भरायचं काम, मग ड्रेसर. हे काम काय असतं ते मला फार उशिरा कळलं. खाणीत सुरुंग उडून कोळसा पडला की मागं एक नवी पोकळी राहते. त्या पोकळीत सगळ्यांत आधी जातो तो ड्रेसर. त्याच्या हातात लांब पहार असते. डोक्यावरच्या दगडाला ठोका द्यायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर दगड घट्ट. भद्द वाजला तर तो सुटलाय, मग आपण बाजूला उभं राहून तो आपणच पाडायचा. छत साफ झालं की पाळीचा सरदार, म्हणजे त्या पाळीतल्या माणसांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो, खडूनं भिंतीवर तारीख टाकतो. त्या तारखेशिवाय कुणी आत पाय ठेवत नाही.

गावी परतले तेव्हा नानांकडं पहार नव्हती, वेताची काठी होती. पण सवय सुटली नव्हती. कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यातच थांबायचे, काठी वर करून माळवदाला किंवा स्लॅबला दोन ठोके द्यायचे, मान तिरकी करून ऐकायचे, मगच आत. छत हाताला लागण्याइतकं खाली असलं तर डावा तळहात वर चिकटवायचे आणि उजव्या हातानं ठोकायचे. खोलीच्या मधोमध ते कधी बसले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून बसत. चहाआधी गुळाचा खडा तोंडात टाकत. घशातली धूळ गुळानं उतरते असा खाणीतला समज होता. गुळानं काय उतरत होतं देव जाणे, बोलताना चार शब्दांनी त्यांना थांबावं लागायचं. कपाळावर निळी रेघ होती, कोळशाची कपची लागून जखम तशीच भरून आलेली. गावातली पोरं विचारायची, "नाना, हे गोंदण कोणी काढलं?" नाना म्हणायचे, "सरकारनं."

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. केजच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो, नांदूरघाटात ऑनलाइन अर्ज भरायचं केंद्र चालवतो. हे मी सांगत फिरत नाही असं म्हणणार होतो, पण सांगतो. नानांना याचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान होता आणि तो ते चिडवून दाखवत. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. "काय बे ग्रॅज्वेट" अशीच हाक.

माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही आष्टीकडं गेलो होतो, तेव्हा वडिलांनी नानांना वाटेत दोनदा बजावलं होतं की काठी जीपमध्येच ठेवा. नानांनी काठी ठेवली. पण आत शिरताना छत्री उचलली आणि पाहुण्यांच्या बैठकीच्या छताला दांड्यानं ठोके दिले. पोहे घेऊन आलेली मंडळी जागीच थांबली. मुलीचे वडील सरळ माणूस. त्यांनी विचारलं, काय बघताय. नाना म्हणाले, "घर पास हाय. पोरा-पोरीचं तुमी बघा." माझ्या वडिलांनी खाली मान घातली. आतून कुणीतरी फस्सकन हसलं. ती हसणारी आज माझी बायको आहे. माझ्यात तिनं काय पाहिलं हे ती सांगत नाही, पण नानांची छत्री मात्र माहेरच्या सगळ्यांना करून दाखवते.

एकदा त्यांना घेऊन परळीला गेलो होतो. एसटीतून वीज केंद्राची धुराडी दिसायला लागली तसे नाना उभे राहिले. शेजारच्या माणसाला सांगू लागले की तिथं जो जळतो तो कोळसा आमच्याकडून आलेला, रेल्वेच्या वाघिणी भरून यायचा, आम्ही काढलेला. परळीचीच एक बाई पुढच्या बाकावर होती. ती वळून म्हणाली, बरं झालं भेटलात. वाळत घातलेली लुगडी राखेनं भरत्यात, धान्य निवडलं तर हात काळे व्हत्यात, घरातल्या लेकराला खोकला सुटंना. सगळी बस ऐकत होती. मला वाटलं नाना भांडतील. ते खाली बसले, दम घेतला आणि म्हणाले, "खरं हाय, ताई. राख तुमच्या कपड्यावर, धूळ आमच्या छातीत. दोघांनी वाटून घेतली." उतरताना तिनं नानांची पिशवी धरली.

नंतर मी एकदा त्यांना म्हणालो की देशात दिवे लागले ते तुमच्यामुळं, हे लोकांना कळायला पाहिजे. त्यांनी मला विचारलं, तू परीक्षेचा अभ्यास कशाखाली केलास. म्हटलं, बल्बखाली. "मंग तुला कळलं का तवा? बल्ब लागला की माणूस पुस्तक बघतंय. बल्बाकडं कावून बघंल?"

लोकांना कळावं म्हणून मीच एक उद्योग केला, आणि सगळं तिथून सुरू झालं. आमच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, दोन खोल्यांची. माझा मुलगा दुसरीत होता आणि मी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. एक मेच्या झेंडावंदनाला नानांचा सत्कार करावा असं मी सुचवलं. खाणकामगार म्हणून, देशाची सेवा केली म्हणून. गुरुजींनी लगेच होकार दिला. मुख्य गुरुजी आणि दुसरे गुरुजी मिळून दोघंच, पण माणसं कष्टाळू. तालुक्याचे एक पुढारी पाहुणे म्हणून बोलावले. ऊन फार होतं म्हणून झेंडा झाल्यावर कार्यक्रम तिसरी-चौथीच्या खोलीत घेतला.

पुढाऱ्यांनी भाषण चांगलं केलं. काळं सोनं, भूगर्भातले सैनिक, असं बरंच. मग शाल उघडली. नाना उठले, आणि शाल खांद्यावर येण्याआधी त्यांची काठी वर गेली. दोन ठोके. मग सरकून आणखी दोन. खोलीत हशा पिकला, कारण गावाला सवय होती. नाना हसले नाहीत. पुढाऱ्यांचा दंड धरून म्हणाले, "सायेब, आधी इकडं सरका. लेकरं बी सरकवा."

पुढाऱ्यांनी ते हसण्यावारी नेलं. शाल, नारळ, फोटो सगळं झालं. फोटोत सगळे समोर बघतात, एकटे नाना वर बघतायत.

त्या दिवसापासून नानांनी मला सोडलं नाही. स्लॅब सुटलाय, आतली सळई गंजून फुगली, खालचा थर वेगळा झालाय, कधी येईल सांगता येत नाही, ती खोली बंद करा. मला लिहिता येत होतं, मी लिहिलं. पहिला अर्ज ग्रामपंचायतीला, दुसरा पंचायत समितीला, तिसरा थेट जिल्ह्याला, आणि पोर्टलवर तक्रार वेगळी. लोकांचे अर्ज भरणं माझा धंदा. कुठल्या कागदाला काय जोडायचं हे मला झोपेतही सांगता येतं. उत्तर एकच यायचं, प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयास सादर केला आहे. मी ते नानांना वाचून दाखवायचो. ते विचारायचे, "म्हंजे खोली बंद झाली का?" मी म्हणायचो, नाही. "मंग काय वाचलंस?"

मुख्य गुरुजींना मी एकदा बाजूला घेतलं. त्यांनी खरं सांगितलं. खोली बंद केली तर दोन वर्ग कुठं बसवू? पट कमी आहे, वरून खोलीही कमी झाली तर शाळाच बंद करून पोरांना नांदूरघाटला पाठवा म्हणतील. लहान पोरी रस्ता ओलांडून रोज जातील का? घरीच बसतील. त्यांचंही चुकत नव्हतं. मी मान हलवून परत आलो.

मग नानांनी आपल्या पद्धतीनं काम सुरू केलं. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी ते शाळेत जायचे. घर ते शाळा पाच मिनिटांचा रस्ता, त्यांना तीनदा बसावं लागायचं. सगळा स्लॅब ठोकून बघायचे, मग फळ्याच्या बाजूला भिंतीवर खडूनं तारीख टाकायचे. इथला सरदारही मीच, म्हणायचे. तारीख पडेपर्यंत पोरं अंगणात उभी. पोरांना तो खेळ वाटायचा, पण एकही पोर आधी आत शिरलं नाही. छताच्या मधल्या भागाखाली बसायचं नाही असंही त्यांनी ठरवून दिलं होतं. पोरं भिंतीला चिकटून बसायची आणि मधली फरशी मोकळी.

शेवटी एक इंजिनिअर आले, तरुण, वागायला चांगले. त्यांनी स्टुलावर चढून हातोडीनं चार-पाच ठिकाणी ठोकलं. मीही ऐकलं. आवाज खणखणीत होता. त्यांनी लिहून दिलं की किरकोळ दुरुस्ती आवश्यक, वापरास हरकत नाही. मला सुटल्यासारखं झालं. घरी येऊन नानांना म्हणालो, आता बास झालं, शिकलेल्या माणसानं तपासलंय आणि मीही कानानं ऐकलंय, चांगला वाजतो.

नानांनी हातातली काठी चौकटीला टेकवून ठेवली. मग त्यांनी मारुतीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती कुणालाच माहीत नव्हती, नानांच्या बायकोला, आमच्या काकूलासुद्धा अर्धीच.

मारुती आमच्याच गावचा, नानांनीच त्याला चांद्याला नेलेला. कोळसा भरायचा. त्या दिवशी नानांनी छत ठोकलं, तर खणखणीत वाजलं. इकडून, तिकडून, सगळीकडं घट्ट. सरदारानंही ठोकून पाहिलं, खडूनं तारीख टाकली. मारुती बाहेर पाटी घेऊन उभा होता, तो नानांच्या तोंडाकडं बघत होता. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर तो आत येत नसे.

"मी म्हनलं ये, तवा तो आला," नाना म्हणाले.

मारुतीवर आला तो सुटलेला थर दीड हात जाडीचा होता. पातळ थर सुटला तर पोकळ बोलतो. जाड थर सुटला तरी घट्टच वाजतो. तो कानाला फसवतो, हाताला फसवत नाही. तळहात वर ठेवला तर ठोक्याबरोबर दगड किंचित थरथरतो. त्या दिवशी छत उंच होतं, तळहात पोचला नव्हता.

"चौकशीत माझी चूक न्हाई निघाली," ते म्हणाले. "निघाली असती तर बरं झालं असतं. कुणीतरी बोललं असतं मला." मग दम लागला आणि ते थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "शाळेच्या स्लॅबला मी टेबलावर चढून हात लावलाय. थरथरतोय."

मी बी.कॉम. माणूस. हाताला थरथर लागते हे अर्जात कोणत्या रकान्यात लिहायचं मला कळेना. तरी चौथा अर्ज लिहिला. त्याचं उत्तरही आलं नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला नानांनी बाभळीचा एक जाड खांब तोडून आणवला आणि खोलीच्या मधोमध स्लॅबखाली पाचरी मारून उभा केला. खाणीत लाकडी खांब देतात, कारण लाकूड मोडायच्या आधी करकरतं, पळायला वेळ देतं. लोखंड काही न बोलता जातं. गुरुजींनी दोन दिवस विचार करून राहू दिला. महिनाभरानं वरचे साहेब अचानक भेटीला आले. वर्गाच्या मधोमध बाभळीचं खोड बघून चिडले. कुणी फोटो काढून टाकला तर माझी नोकरी जाईल म्हणाले. आणि इंजिनिअरचा दाखला असताना हा काय बावळटपणा. त्याच दुपारी खांब काढला. गुरुजी संध्याकाळी आमच्या घरी येऊन नानांसमोर बसले. नानांनी त्यांना गूळ दिला.

त्यानंतर नाना खचत गेले. खांबामुळं नाही, छातीमुळं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून मला पांढरे डाग दाखवले, फुप्फुसात धूळ जाऊन बसली आहे, ती निघत नसते. औषधं दिली, घरी न्या म्हणाले. शाळेपर्यंतचं पाच मिनिटांचं अंतर आता त्यांना चांद्याएवढं लांब झालं. पोरं सकाळी अंगणात थांबायची, कुणी येईना म्हणून गुरुजी हळूच म्हणायचे, चला आत.

एका सकाळी नानांनी मला बोलावलं आणि सांगितलं, तू जा. टेबलावर चढ, डावा हात वर लाव, बोटं पसरून, दाबू नको. उजव्या हातानं काठीनं ठोक. बघ काय म्हणतंय.

मी गेलो. पोरं दारात उभी राहून बघत होती, माझा मुलगाही त्यांत. मी हात लावला, ठोकलं. पुन्हा ठोकलं. जागा बदलून ठोकलं. कधी वाटलं थरथरतंय, कधी वाटलं माझाच हात थरथरतोय. घामानं तळवा ओला झाला. आयुष्यात परीक्षेला बसलो, मुलाखती दिल्या, पण असा अडाणी मी कधी नव्हतो. खाली उतरलो आणि घरी आलो.

नाना उशीला टेकून वाट बघत होते. "काय म्हनलं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात होतं. चांगला वाजतो, असं. त्यांना तेवढाच आराम. पण त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी म्हणालो, "नाना, मला कळलं न्हाई."

त्यांनी मान डोलावली, जणू मी बरोबर उत्तर दिलं होतं. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मंग बंद कर. कळलं न्हाई म्हंजे बंद. खाणीचा कायदा हाय. कळलं तरच उघडं ठिवायचं."

मी घरच्या कोठीचं कुलूप काढलं आणि शाळेत गेलो. पोरांना बाहेर घेतलं, दप्तरं बाहेर आणली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. मला तसा काही अधिकार नव्हता. समितीचा सदस्य कुलूप लावू शकत नाही, हे मला चांगलं माहीत आहे, नियम मी वाचलेत. गुरुजी म्हणाले, "मी तुम्हाला अडवलं होतं, असं मी वर सांगणार." मी म्हणालो, सांगा. मग ते स्वतःच चटया उचलून मारुतीच्या देवळाच्या मंडपात नेऊ लागले.

व्हायचं ते झालं. मला नोटीस आली. शाळेच्या मालमत्तेला बेकायदा कुलूप, असं तीत होतं. गावातली माणसं पारावर विचारायची, काय ग्रॅज्वेट, पडला का स्लॅब? अजून नाही? मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. पडला असता तर त्यांची तोंडं बंद झाली असती, आणि न पडो अशी रोजची माझी इच्छा. अशा वेळी माणसानं काय मागावं हे मला अजून समजलेलं नाही.

आठवडाभरानं नानांना पुन्हा अंबाजोगाईला न्यायची वेळ आली. जीपमध्ये मागच्या सीटवर आडवं केलं होतं, डोकं काकूच्या मांडीवर. देवळासमोर आल्यावर त्यांनी हातानं खूण केली. गाडी थांबवली. मंडपात तिसरी-चौथीचा वर्ग भरला होता, पाढे चालले होते. नानांनी मान उचलली, काकूनं पाठीला हात दिला. ते एकेका पोराकडं बोट करत ओठातल्या ओठात मोजत होते. पाळी सुटल्यावर खाणीच्या तोंडाशी माणसं मोजतात तशी. एक पोर उठून पाणी प्यायला गेलं, मोजणी चुकली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मोजून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि ड्रायव्हरला हात केला, चला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच ते वारले.

याला दोन वर्षं होत आली. नवी खोली मंजूर नाही. स्लॅब पडलेला नाही. नोटिशीवर मी उत्तर दिलं, त्यावर पुढं काहीच आलं नाही. पोरं देवळात बसतात, पावसात कोपऱ्यात सरकतात. पण शाळा चालू आहे, पट एकानंही कमी झालेला नाही, आणि कुलूप लावल्या दिवसापासून त्या छताखाली एकही लेकरू बसलेलं नाही.